इंग्लंडमधल्या पायवाटा: कौन्सिलचा दहा वर्षांचा आराखडा येतोय, सूचना नक्की पाठवा

अनुजा_ड

नमस्कार मंडळी,

आमच्या काउंटी कौन्सिलनं (इथली जिल्हा परिषदच म्हणा) पायवाटांच्या सुधारणेचा नवा आराखडा करायला घेतला आहे आणि लोकांकडून सूचना मागवल्या आहेत. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तुमच्याही भागात हे आज ना उद्या होणार, म्हणून धागा काढते आहे. सुट्टीच्या दिवशी आपण मराठी मंडळी या वाटांवर भरपूर चालतो. भारतातून आईवडील आले की त्यांनाही हौसेनं नेतो. पण कौन्सिलच्या बैठकीत आपल्यातलं कुणी नसतं, आणि जे लिहीत नाहीत त्यांची अडचण आराखड्यात येत नाही.

नवीन आलेल्यांसाठी थोडं आधीचं सांगते. इथली पायवाट बहुतेक वेळा खासगी जमिनीतून जाते. जमीन मालकाची, पण वाटेवरून जाण्याचा हक्क सगळ्यांचा. १९४९ च्या कायद्यानं काउंटी कौन्सिलांना आपापल्या हद्दीतल्या वाटांची पाहणी करून नकाशा करायला लावला. त्याला डेफिनिटिव्ह मॅप म्हणतात. त्यावर वाट दाखवलेली असली की तो कायद्यानं पक्का पुरावा, मग मालक काहीही म्हणो. पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट. निळा बाण असेल तर घोडा आणि सायकलही चालते. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटांची लांबी सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहे.

नुसता नकाशा करून वाट चालण्याजोगी राहत नाही. म्हणून २००० सालच्या 'कंट्रीसाइड अँड राइट्स ऑफ वे' कायद्याच्या कलम ६० नं कौन्सिलांवर सुधारणा आराखड्याची सक्ती केली. (लंडनच्या मधल्या भागातल्या स्थानिक पालिका, म्हणजे बरो, यातून वगळल्या आहेत.) दहा वर्षांच्या आत त्याचा फेरआढावा घ्यावाच लागतो. तीन गोष्टी तपासाव्या लागतात: आजच्या आणि उद्याच्या गरजेला या वाटा पुरतात का, व्यायामाला आणि मोकळ्या हवेत हिंडायला त्यांचा किती उपयोग होतो, आणि अंध, कमी दिसणारे किंवा चालायला त्रास असलेले लोक त्यांवरून जाऊ शकतात का.

या तिसऱ्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. आमच्या गावाबाहेर, बस थांब्यापासून जेमतेम दोन शेतं पलीकडे एक स्टाइल आहे. कुंपण ओलांडायला लावलेल्या त्या लाकडी पायऱ्या. खालची फळी गुडघ्याएवढ्या उंचीवर, वरची त्याहून वर, आणि हाताला धरायला एक डुगडुगता खांब. हिवाळ्यात फळ्यांवर शेवाळ धरतं आणि खाली चिखलाचं डबकं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस तिथूनच परत फिरतो. पलीकडची पुढची सगळी वाट सपाट आहे, नदीकाठानं चर्चपर्यंत जाते आणि अगदी वयस्कर माणसालाही झेपेल अशी आहे. एका स्टाइलपायी ती अख्खी वाट त्यांना बंद झाली. तिथे फटक बसवलं, किंवा शेतात जनावरं नसतील तर नुसती मोकळी फट ठेवली, तरी काम होतं.

तुमच्या भागात अशा जागा असतील तर इथे लिहा. सूचना कशा लिहायच्या ते आपण मिळून ठरवू.

रेवती_न

धागा काढलास ते फार बरं केलंस. माझे सासरे व्हीलचेअरवर असतात. आम्ही दर वेळी गाडी काढून तासभर लांबच्या कंट्री पार्कला जातो, कारण घराजवळच्या एकाही वाटेवर खुर्ची जात नाही. किसिंग गेट बसवलंय म्हणून कौन्सिल खूश असतं, पण त्या अर्धगोल पिंजऱ्यात खुर्ची वळत नाही. आराखड्यात 'सर्वांसाठी खुली' असं लिहून वाट खुली होत नाही. कोणत्या वाटेवर कोणत्या प्रकारचं फटक आहे आणि आतली रुंदी किती, हे संकेतस्थळावर टाकलं तरी निम्मा त्रास वाचेल. घरून निघण्याआधी ठरवता येईल.

अनुजा_ड

रेवती, हे जसंच्या तसं कौन्सिलला लिही. फट, फटक आणि स्टाइल यांच्यासाठी ब्रिटिश स्टँडर्ड आहे, ५७०९ क्रमांकाचं. त्याचा गाभा असा की जिथे जमेल तिथे कमीत कमी अडथळा: आधी मोकळी फट, ते शक्य नसेल तर फटक, आणि स्टाइल अगदीच नाइलाज असेल तरच. सूचनेत या क्रमांकाचा उल्लेख कर.

मिलिंद_७१

मी इथे पशुवैद्य आहे, दिवसभर गोठ्यांत असतो. म्हणून शेतकऱ्यांच्या बाजूनं लिहितो, राग मानू नका.

चालणाऱ्यांना वाट दिसते, शेतकऱ्याला त्या वाटेवरून येणारी कुत्री दिसतात. मेंढ्या विण्याच्या दिवसांत मोकळं कुत्रं कळपात शिरलं तर गाभण मेंढ्यांचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहतो. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा या परजीवीची लागण होते आणि गाई गाभडतात, हे तर बहुतेक कुत्रेवाल्यांना ठाऊकच नसतं. पिशवीत भरून ती पिशवी कुंपणाला लटकवून जाणारेही आहेत.

दुसरं, काही जुन्या वाटा थेट गोठ्याच्या अंगणातून जातात. जेव्हा त्या पडल्या तेव्हा तिथे बैलगाडीएवढी वर्दळ होती, आता तिथे मोठे ट्रॅक्टर आणि टेलिहँडलर फिरतात. मागे वळून पाहायला ड्रायव्हरला जागा नसते. अशी वाट पन्नास पावलं बाजूनं वळवली तर दोघांचाही जीव सुखात राहील. तसा अर्ज करता येतो, पण खर्च आणि वेळ इतका जातो की शेतकरी नाद सोडतो. आराखड्यात 'दोन्ही पक्षांना सोयीची वळणं' असा विषय घ्यावा अशी सूचना मी करणार आहे.

आणि वासरं असलेल्या गाईंच्या कुरणातून जाताना कुत्रं दोरीवर ठेवा, पण गाई अंगावर आल्या तर दोरी सोडून द्या. कुत्रं पळून सुटतं. धरून ठेवणारा माणूस सापडतो.

स्नेहल_लीड्स

मिलिंद, शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा, घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

पण शेतकऱ्यांनीही नियम पाळायला हवेत ना? मे महिन्यात आमच्याकडची वाट रेपसीड या तेलबियांच्या पिकात गायब होते. छातीएवढं पिवळं पीक. त्यातून लहान मुलांना घेऊन जायचं म्हणजे वर ओलं, खाली चिखल, आणि आपण वाटेवर आहोत की पीक तुडवतोय तेही कळत नाही. मुलगी विचारते, आपण चोरून चाललोय का? हे नेमकं कुणी मोकळं करायचं असतं?

अनुजा_ड

स्नेहल, ते काम शेतकऱ्याचं, आणि तो करत नसेल तर करून घेणं कौन्सिलचं. १९८० च्या हायवेज ॲक्टमध्ये सगळं स्पष्ट आहे. शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरायला परवानगी आहे, पण पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, आणि त्याच हंगामात पुन्हा माती हलवली तर २४ तासांत. पीक उगवलं तरी मधली वाट निदान १ मीटर मोकळी हवी. शेताच्या कडेनं जाणारी वाट नांगरायचीच नाही, तिची रुंदी दीड मीटर धरतात. स्टाइल आणि फटकं चांगल्या स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची, पण खर्चाचा निदान चौथा हिस्सा त्याला कौन्सिलकडून मागता येतो. हे बऱ्याच शेतकऱ्यांनाही माहीत नसतं. मिलिंद, तुमच्या ओळखीतल्यांना जरूर सांगा.

तक्रार करताना फोटो आणि वाटेचा क्रमांक द्या. प्रत्येक वाटेला पॅरिशच्या (ग्रामपंचायतीसारखा सगळ्यात लहान विभाग) नावासकट क्रमांक असतो, कौन्सिलच्या नकाशावर मिळतो. 'चर्चमागची वाट' असं लिहिलं तर कागद फिरत राहतो.

दिगंतर

वाचतोय. मला मात्र या आराखड्यांचा उत्साह वाटत नाही. आमच्या भागात आधीचा आराखडा झाला तेव्हा मी चार पानं लिहून दिली होती. छापील पुस्तिका आली, मुखपृष्ठावर सुंदर फोटो, आणि पुढे काही नाही. कायद्यानं आराखडा करणं सक्तीचं आहे, अमलात आणणं सक्तीचं नाही. वेगळा पैसाही नाही. कौन्सिलांना म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचा खर्च झेपेना, तिथे पायवाटांना कोण विचारतो? आणि खरं सांगायचं तर विचारावंही का?

अनुजा_ड

दिगंतर, तुमची निराशा मला पटते. अंमलबजावणीची सक्ती नाही हे या कायद्याचं खरंखुरं व्यंग आहे. तरी लिहायचं का, ते सांगते.

आमच्या शेजारच्या गावात नव्या घरांची मोठी वसाहत मंजूर झाली. अशा वेळी कौन्सिलला १९९० च्या नगररचना कायद्याच्या कलम १०६ खाली बिल्डरकडून आसपासच्या सोयींसाठी पैसे मागता येतात. शाळा, रस्ते, दवाखाने सगळेच रांगेत असतात. त्या रांगेत पायवाटेला उभं करायचं तर अधिकाऱ्याच्या हातात आधीपासून छापलेला कागद लागतो: ही वाट, हा खराब पूल, ही गरज, आराखड्यात अमुक पानावर. आमच्याकडे वसाहतीपासून प्राथमिक शाळेपर्यंतची चिखलाची वाट अशीच खडी टाकून पक्की झाली. पॅरिश कौन्सिलच्या बाईंनी ती आधीच्या आराखड्यात नोंदवून ठेवली होती म्हणूनच. आता पोरं बूट न माखता शाळेत पोचतात आणि सकाळच्या तेवढ्या गाड्या कमी झाल्या.

म्हाताऱ्यांच्या देखभालीचं म्हणाल, तर पडवीतल्या पडवीत अडकलेलं माणूस लवकर खचतं. घराजवळ पाय मोकळे करायला सपाट वाट असणं हा त्यांच्या तब्येतीचाच भाग आहे. हे दोन खर्च एकमेकांच्या विरोधातले मला वाटत नाहीत.

एडिनबरोकर

स्कॉटलंडची माहिती देतो. इकडे २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं जबाबदारीनं वागण्याच्या अटीवर जवळजवळ सगळ्याच जमिनीवर जाण्याचा हक्क मिळाला आहे. उभं पीक, घराभोवतीची खासगी जागा वगैरे सोडून. त्यामुळे वाट नकाशावर आहे की नाही यावर अडत नाही. तरीसुद्धा प्रत्येक कौन्सिलला 'कोअर पाथ्स'चा, म्हणजे मुख्य वाटांचा, आराखडा करावा लागला, कारण हक्क असून फटक कुलूपबंद असेल किंवा ओढ्यावर पूल नसेल तर त्या हक्काचा उपयोग काय? इथेही रड पैशाचीच आहे. पण सुरुवात 'कुठेही जा' पासून असल्यानं भांडणाचा सूर वेगळा असतो.

एक शंका. इंग्लंडमध्ये नकाशावर न आलेल्या जुन्या वाटा २०२६ नंतर कायमच्या जाणार होत्या ना? त्याचं काय झालं?

अनुजा_ड

हो, २००० च्या कायद्यातच ती मुदत होती, १ जानेवारी २०२६. पुढे ती २०३१ पर्यंत वाढवली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं मुदतच काढून टाकणार असं जाहीर केलं. तरी मी म्हणेन की जुन्या वाटेचा पुरावा असेल तर बसून राहू नका. जुने टाइदचे (चर्चला द्यायच्या दशांश कराचे) नकाशे, एन्क्लोजरचे (सामायिक जमिनी कुंपण घालून वाटल्याचे) दस्तऐवज काउंटीच्या अभिलेखागारात पाहता येतात. शिवाय २० वर्षं लोक राजरोस, न अडवता आणि न विचारता वाट वापरत असतील तर कायदा ती सार्वजनिक मानायला तयार असतो. मात्र वापरणाऱ्या माणसांनी लेखी सांगावं लागतं, आणि ती माणसं ऐंशीच्या घरात असतात. त्यांचं म्हणणं आजच लिहून घ्या.

बार्शीकर

मी बार्शी तालुक्यात शेती करतो. इंग्लंडचं वाचून आमच्या पाणंदी आठवल्या, म्हणून लिहितो. विषयांतर वाटलं तर सांगा.

आमच्याकडेही गावनकाशात वाटा आहेत. गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेनं दाखवलेला, पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं. नकाशात वाट आहे, जमिनीवर नाही. दोन्हीकडचे लोक दरवर्षी बांध कोरतात. नांगराचं एक तास इकडून, एक तिकडून. वीस वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते आणि पायवाटेची बोळकंडी. मग उसाला तोड येते, ट्रॅक्टर-ट्रॉली आत जात नाही, मोळ्या डोक्यावरून फडाबाहेर काढाव्या लागतात, आणि मजूर त्याचे जादा पैसे घेतात. पावसाळ्यात आजारी माणसाला बाजेवर घालून डांबरीपर्यंत आणावं लागतं. ज्यानं बांध कोरला त्याच्याही घरात आजारी माणूस असतोच की.

२०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. रोजगार हमीतून मातीकाम आणि खडीकरण. काही ठिकाणी चांगली कामं झाली. पण ज्या वाटेवर अतिक्रमण आहे तिथे काम सुरूच होत नाही, आणि तिथेच गरज जास्त. दहा वर्षांचा, कोणत्या वाटा आधी आणि का ते सांगणारा कागद आमच्या तालुक्यात मी तरी पाहिला नाही. पुढारी ज्या वस्तीवर राहतो ती वाट आधी होते.

कोर्टकचेरी

बार्शीकर, विषयांतर मुळीच नाही. महसुली कामं पाहतो म्हणून दोन गोष्टी सांगतो.

चालू वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करा. पण अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत. लोक आधी भावकीत समजूत घालत बसतात, मग पंचायतीत, आणि मुदत टळल्यावर माझ्याकडे येतात. समजूत घाला, पण अर्ज दाखल करून मग घाला. मुळात शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३, बांधावरून रस्ता मागता येतो. दोन्हीत स्थळपाहणी होते. त्या दिवशी गावनकाशाची प्रत, शेजारच्या गटांचे सातबारे आणि दोन-चार जुनी माणसं हजर ठेवा.

मे २०२५ च्या शासन निर्णयानुसार शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' सदरात घेता येते. ज्यांना आदेश मिळाला आहे त्यांनी ही नोंद करून घ्याच. आदेशाचा कागद कपाटात राहतो, जमीन विकली जाते आणि नवा मालक म्हणतो मला काही माहीत नाही.

कातळ

रत्नागिरीकडून. आमच्याकडे पाणंदी कमी, पाखाड्या जास्त. वाडीतून देवळाकडे, विहिरीकडे, खाली समुद्राकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटा. त्या कुणाच्या तरी कलमांच्या बागेतूनच जातात आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणी कुणाला अडवलं नाही. गडग्याला माणूस जाईल एवढी फट ठेवलेली असायची. आता बागा बाहेरची मंडळी विकत घेतात, गडग्याच्या जागी चिऱ्याची भिंत येते, लोखंडी गेट आणि कुलूप. देवाची पालखी शिमग्यात ज्या वाटेनं जाते तीसुद्धा एका ठिकाणी वळवावी लागली. म्हातारी माणसं डांबरी रस्त्यानं मोठा वळसा घालतात, आणि त्या रस्त्याला कडेला चालायला जागा नाही.

आमच्याकडे लिहिलेलं काहीच नाही हीच अडचण. इंग्लंडसारखा एक पक्का नकाशा असता तर विकत घेणाऱ्यालाही आधी कळलं असतं.

कोर्टकचेरी

कातळ, अगदीच काही नाही असं समजू नका. महसूल संहितेच्या कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्जची, म्हणजे गावच्या रूढींच्या सरकारी नोंदीची, तरतूद आहे. खासगी जमिनीतून वहिवाटीच्या रस्त्याचा गावकऱ्यांचा हक्क त्यात नोंदवता येतो. तुमच्या गावाचा वाजिब-उल-अर्ज आहे का, त्यात काय लिहिलंय, ते तहसील कचेरीत विचारा. आणि नसेल तरी ग्रामसभेच्या ठरावानं वाटांची यादी करून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. पालखीची वाट पहिल्या क्रमांकावर घाला, तिला साक्षीदार अख्खं गाव आहे.

दिगंतर

बार्शीकर आणि कातळ यांचं वाचून मी कौन्सिलचा दुवा पुन्हा उघडला. या वेळी चार पानं न लिहिता एकच वाट निवडतो आहे. अनुजा, तुम्ही नेमकं काय लिहिलंत ते इथे टाकाल का? आणि नागरिकत्व नसलेल्यांनी लिहिलं तर चालतं का?

अनुजा_ड

चालतं. तुम्ही त्या वाटा वापरता एवढं पुरे, पासपोर्ट कुणी विचारत नाही. आमच्या सूचनेचा मराठी गोषवारा देते, तुमच्या वाटेप्रमाणे बदलून घ्या:

'पायवाट क्रमांक अमुक, पॅरिश अमुक. बस थांब्यापासून नदीकाठच्या वाटेपर्यंत सुमारे ४०० मीटर. सध्याची स्थिती: एक मोडकळीला आलेली स्टाइल, तिच्या दोन्ही बाजूंना पाणी साचतं, फोटो जोडले आहेत. कुणाची अडचण होते: गावातले वयस्कर रहिवासी, बाबागाडी घेऊन जाणारे पालक, व्हीलचेअर वापरणारे. मागणी: स्टाइलच्या जागी व्हीलचेअर जाईल असं फटक, आणि डबक्याच्या जागी खडी. जमीनमालकाशी बोलणं झालं आहे, शेतात मेंढ्या असल्यानं फटक आपोआप बंद होणारं हवं असं त्यांचं म्हणणं आहे. पुढची सगळी वाट सपाट असल्यानं एवढ्या एका कामानं चर्चपर्यंतची वाट खुली होते.'

मालकाशी आधी बोलून घ्या, हे मिलिंद यांचं वाचल्यावर जोडलं. आमच्या मालकानं फटकाला हरकत घेतली नाही, फक्त कडी कुठल्या बाजूला असावी ते सांगितलं. सूचनेची एक प्रत लोकल ॲक्सेस फोरमलाही (वाटांबाबत कौन्सिलला सल्ला देणारी समिती) पाठवा. कौन्सिलला त्यांचं म्हणणं विचारात घ्यावं लागतं आणि त्यांच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात. आमच्याकडची पुढची बैठक गुरुवारी संध्याकाळी आहे. रेवती, तू त्याच काउंटीत आहेस, सासऱ्यांना घेऊन येशील का? फटकाच्या आतली रुंदी किती हवी, हे खुर्चीवर बसलेल्या माणसानं तिथे सांगितलेलं बरं.

रेवती_न

येतो दोघंही. सभागृहाला रॅम्प आहे का तेवढं आधी विचारून ठेव.